९० मिनिटांची मॅच आणि पुढचे ७२ तास: फुटबॉलनंतर शरीरात काय होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्हापूरचा फुटबॉल सीझन थंडीत सुरू होतो आणि ऊन डोक्यावर आलं तरी संपत नाही. शाहू स्टेडियमवर आधी लीग, मग एकामागून एक नॉकआउट स्पर्धा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल, प्रॅक्टिस, प्रत्येक टीममागे अख्खी पेठ उभी असते. त्यामुळे ‘जरा दुखतंय’ असं ड्रेसिंग रूममध्ये चारचौघांत कुणी म्हणत नाही. नंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारतात. खालचे बहुतेक प्रश्न असेच आलेले आहेत. काही खेळाडूंचे, काही त्यांच्या आयांचे, आणि बरेचसे रविवारी टर्फवर उतरणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींचे.

एका मॅचमध्ये शरीराला नेमकं किती काम पडतं?

वरच्या पातळीवर खेळणारा मैदानी खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १३ किलोमीटर कापतो, गोलकीपर ४ ते ६. यावर ठरलेलं उत्तर येतं: एवढं तर आम्ही रंकाळ्याला फेऱ्या मारून चालतो. पण अंतर हा यातला सोपा भाग आहे. खेळाडू दर चार-सहा सेकंदांनी हालचाल बदलतो. चालतो, हळू पळतो, एकदम सुटतो, उलटा पळतो, उडी मारतो, टॅकलला जातो. मॅचभरात असे बदल हजाराच्या वर होतात. नाडीची सरासरी कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांवर राहते, म्हणजे विशीतल्या पोराची नाडी दीड तास १६०-१७५ च्या घरात. खर्च होतात १२०० ते १६०० किलोकॅलरी. शरीराच्या आतलं तापमान ३९ अंशांच्या पुढे जातं.

यात सर्वांत महाग हालचाल कुठली, असं विचारलं तर सगळे स्प्रिंट म्हणतात. माझ्या मते थांबणं. पूर्ण वेगात असताना दोन पावलांत थांबून वळायचं तर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकसायचा जोर लावतात. या प्रकारच्या कामात स्नायूंचे बारीक तंतू सगळ्यांत जास्त फाटतात. पुढच्या दोन-तीन दिवसांच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

दुसऱ्या हाफमध्ये पाय जड का होतात? स्टॅमिना कमी आहे का?

स्टॅमिना हा एक भाग, पण बहुतेक वेळा साठा संपलेला असतो. आपण खाल्लेला भात, भाकरी, पोहे यांतली साखर स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते आणि जोराच्या पळण्याला तेच इंधन लागतं. स्वीडनच्या बेंग्ट साल्टिन यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की अर्धवट साठ्यावर मैदानात उतरलेले खेळाडू कमी अंतर कापतात आणि त्यातलंही बरंच चालत काढतात. २००६ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मॅचनंतर खेळाडूंच्या मांडीतल्या स्नायूचे नमुने तपासले. निम्म्याच्या आसपास तंतू पूर्ण किंवा जवळजवळ रिकामे निघाले. बाकीच्यांत साठा शिल्लक होता, पण जोराच्या धावेसाठी तेवढे तंतू पुरत नाहीत. म्हणून ८० व्या मिनिटाला जॉगिंग जमतं, पण बॉलवर सुटता येत नाही.

आदल्या रात्री ‘पोट हलकं राहू दे’ म्हणून नुसता कोशिंबिरीचा वाटा खाऊन झोपणारे स्ट्रायकर मी पाहिले आहेत. त्यांचे पाय मॅचच्या आधीच अर्धे रिकामे झालेले असतात.

दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळे ना?

नाही. जोराच्या खेळात लॅक्टेट वाढतं हे खरं, पण मॅच संपल्यावर तासाभरात ते मूळ पातळीच्या आसपास येतं. मंगळवारी दुखणाऱ्या मांडीला रविवारचं लॅक्टेट जबाबदार असूच शकत नाही. शिवाय ते कचरा नाही, हृदय आणि इतर स्नायू तेच पुन्हा इंधन म्हणून वापरतात. ‘ॲसिड बाहेर काढण्यासाठी’ म्हणून जे काही विकलं जातं त्यावर पैसे घालवू नका.

मग अंग दुसऱ्या दिवशी कमी आणि तिसऱ्या दिवशी जास्त का आंबतं?

कारण फाटलेल्या तंतूंची डागडुजी काही तासांनी जोर धरते. पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, सूज येते, आजूबाजूच्या मज्जातंतूंच्या टोकांची संवेदना वाढते. दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिखरावर असतं. रक्तात क्रिएटिन कायनेझ नावाचं द्रव्यही याच सुमारास वाढलेलं दिसतं. मॅचनंतर दोन दिवसांनी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं आणि हा आकडा भरमसाट निघाला म्हणून घाबरलेले पालक येतात. डॉक्टरांना आधी सांगा की पोरगा परवा पूर्ण मॅच खेळलाय. मात्र लघवी कोलासारखी काळपट होत असेल आणि अंग असह्य ठणकत असेल तर ते साधं आंबणं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडून किडनीवर ताण आल्याची ती खूण असते.

पूर्ण भरून यायला किती वेळ लागतो?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या वेळी भरून येतात. नाडी आणि श्वास काही मिनिटांत खाली येतात. पाणी, नीट प्यायलात तर, त्याच रात्री भरून निघतं. ग्लायकोजेनला चांगलं खाऊनही दोन ते तीन दिवस लागतात, कारण फाटलेला स्नायू साखर नीट ओढून घेत नाही. उडीची उंची, स्प्रिंटचा वेग, मांडीच्या मागच्या स्नायूची ताकद यांना ७२ तासांच्या आसपास, काहींना त्याहून जास्त. फसगत इथेच होते. त्याआधीच ताजंतवानं वाटायला लागतं, ताकद मात्र परत आलेली नसते.

२०१० मध्ये एका व्यावसायिक युरोपीय क्लबच्या खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एक मॅच खेळताना दर १००० तासांमागे ४.१ दुखापती होत होत्या. आठवड्यात दोन मॅच खेळताना २५.६. म्हणजे सहा पट. गंमत अशी की दोन्ही वेळा खेळाडू पळत तेवढेच होते, स्प्रिंटही तेवढेच. बाहेरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता.

आता आपल्याकडचं बघा. आज लीगची मॅच, परवा नॉकआउट, मधल्या दिवशी गावाकडच्या फाइव्ह-अ-साइड स्पर्धेत मित्राच्या टीमकडून ‘जरा वेळ’. पुन्हा सोमवारी कामावर. मग मार्चमध्ये कुणाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, गेली की ‘पोरात दम नाही’ म्हणायचं. दम आहे हो, मधले दिवस नाहीत. बाकी सगळे उपाय मिळूनही दोन मॅचमधल्या तीन दिवसांची बरोबरी करू शकत नाहीत. वेळापत्रक तुमच्या हातात नसेल तर निदान मधल्या दिवशी खेळू नका आणि कोचने दुसऱ्या मॅचला काही खेळाडू बदलावेत.

मॅच संपल्यावर लगेच काय खावं?

पहिल्या चार तासांत स्नायू साखर सगळ्यात भराभर साठवतात. वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण एक ग्रॅम कर्बोदकं हा हिशोब आहे. ६० किलोच्या खेळाडूला तासाला ६० ग्रॅम, म्हणजे दोन मोठी केळी, किंवा भरलेली डिश पोहे. सोबत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे तीन अंडी किंवा अर्धा लिटर दूध.

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. मॅच सुटल्यावर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायची जुनी पद्धत आहे आणि शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर ती चुकीची नाही. दुधात पाणी, सोडियम, पोटॅशियम, साखर आणि प्रथिनं एकत्र असतात, आणि प्यायलेलं पाणी अंगात टिकवून ठेवण्यात ते साध्या पाण्याला मागे टाकतं. दोन हरकती. एक, म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे ते पोटात जड बसतं आणि पचायला वेळ घेतं. ज्यांना मॅचनंतर मळमळतं त्यांनी अर्धा-पाऊण तास थांबावं. दोन, कच्चं दूध म्हणजे जंतूंचा धोका. मला कट्ट्याचं कितीही कौतुक असलं तरी उकळलेलंच प्या.

रात्रीच्या जेवणात भात किंवा भाकरी जास्त, सोबत मटण, अंडी, उसळ, डाळ जे असेल ते. तांबडा-पांढरा चालेल का, हा प्रश्न लाजत लाजत येतो. चालेल की. रस्सा म्हणजे पाणी आणि मीठच आहे, फक्त वरचा कट थोडा कमी घ्या आणि भात कमी करू नका. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी, मटकी जास्त आणि फरसाण कमी सांगून. दारूचं मात्र उत्तर सरळ आहे: स्नायूंची दुरुस्ती मंदावते, झोप उथळ होते, लघवीवाटे पाणी जातं. जिंकल्याची पार्टी एक दिवस पुढे ढकलली तर कप कुठे पळून जात नाही.

प्रोटीन पावडर लागते का?

दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं जेवणातून मिळत असतील तर नाही. शाकाहारी खेळाडूंनी एकदा वहीत लिहून हिशोब करावा, अंदाज बहुधा चुकतो.

पाणी किती प्यावं?

सगळ्यांना एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घाम माणसागणिक बदलतो, एका मॅचमध्ये एक लिटरपासून अडीच लिटरपर्यंत. स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे. मॅचच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी भरलं म्हणजे जवळपास एक लिटर गेलं, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवा. गेलेल्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत थोडं थोडं प्यायचं. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घट होत असेल तर मॅचमध्येच तुम्ही कमी पिताय.

जर्सी वाळल्यावर पाठीवर पांढरे मिठाचे नकाशे उमटतात का ते बघा. उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे आणि नुसतं पाणी पुरणार नाही. मीठ घातलेलं लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक, किंवा एक लिटरच्या प्रमाणात कालवलेलं ओआरएस. ओआरएसच्या नावाखाली टेट्रापॅकमध्ये गोड पेयं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायची बंदी केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते वाचूनच घ्या.

उलटी चूकही होते. भीतीपोटी तासाला दोन-दोन लिटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळणं. त्यावर आणखी पाणी पाजणं धोक्याचं.

शेवटच्या दहा मिनिटांत पोटरीला गोळा येतो. केळी खाऊन थांबेल?

केळं खा, पण पेटक्यावर ते औषध नाही. पोटात गेलेलं पोटॅशियम रक्तात यायला वेळ लागतो आणि पेटका त्याआधीच जातो. सध्या सगळ्यात पटणारं कारण म्हणजे थकवा. थकलेल्या स्नायूला ‘आकस’ सांगणारे संदेश वाढतात आणि ‘सैल हो’ सांगणारे कमी होतात. मिठाची कमतरता काही खेळाडूंत त्यात भर घालते. गोळा आला की पायाचा पंजा हळूहळू स्वतःकडे ओढून धरा, झटके देऊ नका. पोटरीवर बुक्क्या मारणाऱ्या मित्राला बाजूला करा. कायमचा उपाय कंटाळवाणा आहे: एका पायावर टाचा उचलण्याचे व्यायाम, आणि सरावात मॅचइतकंच जोरात पळणं. पेटके बहुधा अशांना येतात जे सरावात ६० टक्के देतात आणि मॅचमध्ये १००.

एप्रिल-मेच्या दुपारी मॅच असेल तर?

आधी आयोजकांना विचारा की दुपारीच का. फिफाच्या नियमावलीत ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२ अंशांपुढे गेला की पाण्यासाठी खेळ थांबवण्याची तरतूद आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये फोर्तालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको मॅच तशी थांबवली होती. आपल्या रेफ्रींनीही कर्णधारांशी बोलून दोन्ही हाफमध्ये तीन मिनिटं द्यायला काहीच हरकत नाही.

उन्हाची सवय अंगाला लागते, पण १० ते १४ दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. थंडीत सराव केलेल्या टीमने पहिलीच कडक उन्हातली मॅच जपून खेळावी.

एखादा खेळाडू बडबडायला लागला, झोकांड्या खायला लागला, कुठल्या बाजूला गोल मारायचा हेच विसरला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून नाही म्हणू नका, खेळाडूंना उष्माघातातही घाम येतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, जर्सी काढा, असेल तेवढं बर्फाचं पाणी अंगावर ओता, ओल्या टॉवेलांनी मान, काखा, जांघा झाका. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

बर्फाच्या पाण्यात बसण्याचा खरंच उपयोग होतो का?

दुखणं कमी वाटायला होतो. १० ते १५ अंशांचं पाणी, कमरेपर्यंत, १० ते १५ मिनिटं. पाण्याचं प्लास्टिकचं पिंप आणि बर्फाच्या लादीचा तुकडा एवढ्यावर भागतं. दोन दिवसांनी पुन्हा मॅच असेल तर जरूर करा. पण सीझनच्या आधी ताकद कमवायला जिम करत असाल तेव्हा दर वेळी बर्फात बसू नका. ज्या सुजेमुळे स्नायू मजबूत व्हायला शिकतो तीच आपण दाबतो आणि मेहनतीचं फळ कमी मिळतं.

मालिश, फोम रोलर, स्ट्रेचिंग?

तालमीतली मालिश अंगाला बरं वाटायला उत्तम, दुखणंही थोडं कमी होतं. तंतू लवकर जुळतात असं मात्र दिसत नाही. स्ट्रेचिंगने आंबलेलं अंग लवकर सुटत नाही. दुसऱ्या दिवशी २०-३० मिनिटं हलकी सायकल किंवा पोहणं, बस. ताज्या दुखापतीवर रगडून मालिश कुणालाही करू देऊ नका, पैलवानालाही नाही.

मॅचच्या आधी पेनकिलर घेतली तर चालेल?

नको. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जवळपास ४० टक्के खेळाडू प्रत्येक मॅचआधी पेनकिलर घेत होते असं फिफाच्याच डॉक्टरांनी नंतर मांडलं, आणि ते कौतुकाने नव्हे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच. शिवाय दुखणं ही सूचना असते. ती बंद करून खेळलं की साधी ओढ फाटण्यावर जाते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेलं इंजेक्शन हा वेगळा विषय आहे, त्यावर मी एवढंच म्हणेन की टोचणाऱ्याचं शिक्षण विचारा.

झोप किती?

मोठ्यांना ८ तास, १८ च्या आतल्यांना ८ ते १०. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं आणि स्नायूंची दुरुस्ती तिथेच होते. फ्लडलाइटखालच्या मॅचनंतर रात्री दोनपर्यंत झोप येत नाही ही तक्रार खरी आहे. अंगात ॲड्रेनलिन असतं, तापमान चढलेलं असतं, त्यात मॅचचे व्हिडिओ बघत मोबाइल छातीवर. कोमट पाण्याने अंघोळ करा, पोटभर भात खा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा तास झोपलात तर कुणी आळशी म्हणणार नाही, म्हटलं तर हे पान दाखवा.

उपवास किंवा रोजा असेल तर खेळू का?

चतुर्थी-एकादशीचा उपवास म्हणजे आपल्याकडे उपाशी राहणं क्वचितच असतं. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, बटाटा, रताळं, राजगिरा, केळी हे सगळं इंधनच. खिचडी मॅचच्या तीन-चार तास आधी, तूप-तेल कमी घालून. प्रथिनांसाठी दूध, दही, शेंगदाणे. निर्जळी असेल तर मॅच नको.

रमजानमध्ये युरोपातल्या मोठ्या लीगमधले खेळाडूही रोजे ठेवून खेळतात, पण त्यांच्यामागे आहारतज्ज्ञ असतो. जमलं तर सराव इफ्तारच्या तासभर आधी हलका किंवा इफ्तारनंतर जोराचा ठेवा. सहरीला मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण वाढवा आणि झोपेची तूट दुपारी भरून काढा. दुपारच्या उन्हातल्या मॅचला कोचशी मोकळेपणाने बोलून मिनिटं कमी घ्यावीत.

हॅमस्ट्रिंग दर वर्षी जाते. नशीब म्हणायचं का?

नशीब नव्हे. व्यावसायिक पुरुष फुटबॉलमधली ही सर्वांत नेहमीची दुखापत आहे. यूएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, दीर्घ अभ्यासात एकूण दुखापतींमधला तिचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, मॅच वाढल्या. एकदा गेलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याचा धोका जास्त असतो, आणि दुखायचं थांबलं म्हणजे बरी झाली असं धरून आपण दहाव्या दिवशी मैदानात असतो.

नॉर्डिक नावाचा व्यायाम यावर जवळजवळ अर्ध्याने धोका कमी करतो. गुडघ्यांवर उभे राहा, जोडीदाराने मागून घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि पाठ-कंबर सरळ ठेवून पुढे जमिनीकडे जमेल तितकं हळू झुकत जायचं. शेवटी हातांवर पडाल, ते ठीक आहे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा पाच-पाचचे दोन सेट. पहिल्या आठवड्यात मांडी सणकून दुखेल, म्हणून हे मॅचच्या आदल्या दिवशी सुरू करू नका. वॉर्मअपसाठी फिफाचा ‘११+’ कार्यक्रम २० मिनिटांचा आहे, साहित्य फक्त एक बॉल, आणि नियमित केला तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे पोस्टवर शॉट मारणं. तो बदलायला खर्च शून्य आहे.

घोटा मुरगळला तर हळद-मिठाचा लेप लावू का?

लेपाने नुकसान नाही, फायद्याची खात्री नाही. पहिल्या दोन दिवसांत शेक आणि चोळणं मात्र टाळा. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, दुखण्यापुरता बर्फ. पूर्ण विश्रांतीचा सल्ला आता मागे पडला आहे. १९७८ मध्ये बर्फ आणि विश्रांतीचं सूत्र लोकप्रिय करणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे त्यात बदल केला. दुखणं सोसेल तेवढं दोन-तीन दिवसांत हलवायला लागा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर जीव जात असेल तर एक्स-रे काढा.

मुलींसाठी काही वेगळं आहे का?

आहे, आणि ते फारसं बोललं जात नाही. २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप नवी मुंबई आणि मडगावलाही झाला आणि अनेक गावांत मुलींच्या टीम उभ्या राहिल्या, पण वॉर्मअप आणि आहार मुलांचाच उचलला गेला. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन ते तीन पट असतो. उडीनंतर गुडघे आत न वळवता उतरायला शिकवणं हा सगळ्यात स्वस्त बचाव. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू देऊ नका, मुलगी कितीही हट्ट करो.

दुसरं म्हणजे लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जी मुलगी ‘मनापासून पळत नाही’ असं कोच म्हणतो, तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एकदा तपासा. पाळी तीन महिने चुकली तर ‘बरंच झालं, कटकट गेली’ असं म्हणू नये. बहुधा खाणं पळण्याला पुरत नाही आणि हाडं ठिसूळ होण्याची ती सुरुवात असते.

मुलगा १३ वर्षांचा आहे, गुडघ्याखाली हाडाला टेंगूळ आलंय आणि दुखतं.

वाढीच्या वयात जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते ती जागा अजून कोवळी असते. तिथल्या या दुखण्याला ओसगुड-श्लॅटर म्हणतात, टाचेला तसंच झालं तर सेव्हर्स. डॉक्टरांना दाखवून खात्री करा. बहुतेक वेळा भार कमी केला की हळूहळू शांत होतं, हाडांची वाढ पूर्ण झाली की जातं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताच्या संघात दिसल्यापासून सकाळी एक अकादमी आणि संध्याकाळी दुसरी असा मुलांचा दिनक्रम वाढला आहे. ढोबळ नियम: आठवड्यातले खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. १३ वर्षांचा असेल तर १३ तास, त्यात शाळेचा पीटीचा तासही धरायचा.

डोक्याला मार लागला, पण आता बरं वाटतंय. दुसऱ्या हाफमध्ये जाऊ का?

नाही. त्या दिवशी अजिबात नाही. शुद्ध हरपली नसली तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. डोकेदुखी, चक्कर, धूसर दिसणं, स्कोर न आठवणं यांपैकी एकही असेल तर बाहेर. जुलै २०२४ पासून खेळाच्या नियमांतच अशा खेळाडूसाठी जादा बदली देण्याची मुभा आहे, स्पर्धा समित्यांनी ती घ्यावी. दोन दिवस आराम, मग चालणं, पळणं, बॉलशिवाय सराव, धक्क्याविना सराव, अशा पायऱ्या, प्रत्येकीला किमान एक दिवस. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा झोपेतून न उठणं असेल तर रात्रीच हॉस्पिटल.

वय ४४. दर रविवारी टर्फवर तासभर खेळतो, बाकी आठवडा खुर्चीत. धोका आहे का?

फुटबॉल या वयात हृदयाला, हाडांना, साखरेला चांगलाच आहे. धोका ‘बाकी आठवडा खुर्चीत’ यात आहे. लहान टर्फवर पळणं कमी पण थांबणं-वळणं जास्त, आणि या वयात स्नायूंआधी पोटरीची शीर, म्हणजे अकिलीस, कुरकुरते. आठवड्यात दोनदा भरभर चालणं आणि टाचा उचलणं सुरू करा, वॉर्मअप दहा मिनिटं, आणि पहिली दहा मिनिटं गोल वाचवायला उभे राहा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एकदा करून घ्या. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. खेळताना छातीत दाब, जबडा-डाव्या हातात कळ, किंवा विनाकारण भोवळ आली तर ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडू नका. ताप असताना, किंवा ताप जाऊन दोन-तीन दिवसच झाले असताना खेळू नका, हृदयाच्या स्नायूला सूज असू शकते.

तरुण आणि तंदुरुस्त खेळाडूंनाही हे चुकत नाही. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझीलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोल मारताना गोलकीपरला धडकून कोसळला आणि गेला. डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन जून २०२१ मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला. त्याच्या छातीवर तिथल्या तिथे दाब देणं सुरू झालं, शॉक देण्याचं यंत्र जवळच होतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा मॅच खेळत होता. धडकेशिवाय कोसळलेला खेळाडू हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. टर्फ बुक करताना शॉक देण्याचं यंत्र आहे का हे विचारायला लागा. दहा जणांनी विचारलं की मालक आणतो.

पावसाळ्यात सीझन संपला की किती दिवस पूर्ण बंद ठेवायचं?

दोन आठवडे काहीच नाही, हे चालेल. त्यानंतर आठवड्यात दोन-तीनदा सायकल, पोहणं किंवा पायऱ्या, कारण चार आठवडे पूर्ण बसलात तर दमाची क्षमता लक्षात येण्याइतकी घसरते. सीझनभर ओढत आणलेलं दुखणं याच काळात फिजिओला दाखवा. जुलैपासून ताकदीचा व्यायाम: स्क्वॉट, डेडलिफ्ट, नॉर्डिक, टाचा उचलणं, आठवड्यात दोनदा. बॉलला सप्टेंबरपर्यंत हात, म्हणजे पाय, लावला नाही तरी स्पर्श विसरत नाही. ग्राउंडवर चिखल असताना रोज संध्याकाळी ‘पावसातली मॅच’ खेळायचा मोह सगळ्यांनाच होतो. एखादी खेळा.